पावसात जोडायचं, दसऱ्यानंतर रंगवायचं : कोकणातल्या घरात १/७२ चं हरिकेन

मालवणात राहून प्लास्टिकची विमानं बनवायची तर किट उघडायच्या आधी कॅलेंडर बघायचं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगतोय. माझं पहिलं धड जमलेलं विमान मी भर श्रावणात रंगवलं, बाहेर धो धो पाऊस, आत मी हौसेने लॅकर वार्निशचा शेवटचा हात मारतोय, आणि पाच मिनिटात डाव्या पंखावर पांढरट साय धरली, अगदी चामड्याच्या चपलेवर पावसाळ्यात बुरशी येते ना तशी. थिनर भराभर उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ रंगातच अडकते, एवढीच भानगड. पण तीन आठवड्यांचं काम डोळ्यासमोर पांढरं होताना बघायला लय वाईट वाटतं.

तेव्हापासून माझा नियम ठरलाय. जून ते सप्टेंबर फक्त कापाकापी, जोडाजोडी, घासाघाशी. रंगाची बाटली दसऱ्यानंतर उघडायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडे रंगाचे खरे महिने, आणि तेव्हासुद्धा सकाळी दहा ते दुपारी तीन, कारण संध्याकाळी समुद्रावरून दमट वारा सुटला की परत तेच.

विमान कुठलं घ्यायचं? सगळे स्पिटफायर घेतात, घ्या की, देखणंच आहे ते. पण पहिल्यांदा करणाऱ्याला मी हॉकर हरिकेन सांगतो, दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं लढाऊ विमान. एक तर त्याची चाकं मजबूत आणि एकमेकांपासून लांब, मॉडेल तिरकं उभं राहत नाही. दुसरं म्हणजे ते आपलंही विमान आहे. सिडनी कॅमने डिझाइन केलेलं, ६ नोव्हेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं, पुढे १४ हजारांच्या वर बनली, आणि त्यातली काही आपल्या पोरांनी बर्माच्या आघाडीवर उडवली. १९४४ मध्ये इंफाळला आपल्या हवाई दलाच्या एक नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख अर्जन सिंग होते, हरिकेनच उडवत होते, त्याच लढाईत त्यांना डीएफसी, म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक, मिळालं. नंतरचे मार्शल ऑफ द एअर फोर्स ते हेच. त्यामुळे मी लंडनवरचं हरिकेन न करता इंफाळचं करतो, आणि खाली जे सांगतोय ते त्या हिशोबाने.

खऱ्या हरिकेनचे पंख ४० फूट, १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या मापात, साधारण १७ सेंटीमीटर. वीतभर सुद्धा नाही. १/४८ घेतलंत तर २५ सेंटीमीटर, डोळ्यांना बरं पण खिशाला आणि शोकेसला जड. चाळिशीच्या पुढचे असाल तर १/४८ घ्या, खोटं कशाला बोलायचं. घेताना बॉक्सवर मार्क, म्हणजे विमानाची आवृत्ती, बघा. मार्क टू सी म्हणजे पंखात २० मिलिमीटरच्या चार तोफा, टू बी म्हणजे बारा मशीनगन. आणि नाकाखाली फुगीर धूळफिल्टर किटमध्ये आहे का ते बघा, कारण आपल्याकडच्या धुळीसाठी तो लागायचा, इंग्लंडवाल्या बऱ्याच विमानांना तो नसतो. तो नसलेलं किट घेऊन इंफाळचं विमान बनवलंत तर कोकणी माणसाने नारळाशिवाय सोलकढी केल्यासारखं होईल.

सामान

यादी मोठी करत नाही. प्लास्टिक कापायचं छोटं निपर, स्टेशनरीत मिळतो तो कटर पण ब्लेड नवं, चिमटा, हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर ४००, ८००, १५०० आणि २०००, मॅस्किंग टेप, टूथपिक, कपड्यांचे चिमटे, रबरबँड. गोंदात प्लास्टिकचा पातळ लिक्विड सिमेंट मागवावाच लागतो, त्याला पर्याय नाही. तो प्लास्टिक चिकटवत नाही, वितळवून एकजीव करतो. बाकी फेविक्विक आणि फेविकॉल घरात असतातच, दोन्ही लागतात पण वेगवेगळ्या जागी.

फेविक्विकची एक गंमत, ते हवेतल्या ओलाव्याने सुकतं. त्यामुळे पावसात आपल्याकडे ते लावायच्या आधीच पकडतं, बोट पार्टला आणि पार्ट बोटाला, आणि उघडी ट्यूब चार दिवसात दगड. फेविकॉलचं बरोब्बर उलटं, ते पावसात सुकता सुकत नाही. रात्री लावलंत तर सकाळपर्यंत हात लावू नका.

खारा वारा स्टीलला खातो हे मालवणात कोणाला सांगायला नको. ब्लेड, चिमटा, एअरब्रशची (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या गनची) सुई, सगळ्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात. त्याच डब्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली समजायचं, मंद आचेवर जुन्या तव्यात भाजले की परत निळे होतात. जुन्या तव्यात म्हणतोय, भाकरीच्या नाही, ते दाणे विषारी असतात, तो तवा परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही. डिकॅलचा, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या छापील खुणांचा, कागद पण ह्याच डब्यात. एकदा माझा कागद टेबलावर राहिला आणि रात्रीत झुरळाने त्याचा कोपरा खाल्ला, त्याला तो गोंद गोड लागत असावा.

जोडणी

पहिल्या दिवशी काही जोडू नका. सगळ्या फ्रेम, म्हणजे ज्या दांड्यांना पार्ट लटकलेले असतात त्या, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून प्लास्टिकवर तेलकट काहीतरी असतं, ते राहिलं की रंग पुढे पापुद्र्यासारखा निघतो. धुवून फडक्यावर पसरा. पंख्याखाली ठेवताना वर जाळी ठेवा, माझा एक चाकाचा झाकणपार्ट पंख्याने उडवला, तो दिवाळीच्या साफसफाईला कपाटामागे सापडला.

पार्ट कापताना एका दमात कापायचा नाही. आधी लांबून, दांडीचा तुकडा ठेवून, मग जवळून, मग उरलेला टवका ब्लेडने आणि शेवटी वॉटर पेपरने. एका झटक्यात कापलं की पार्टावर पांढरा खड्डा पडतो. प्रत्येक जोड आधी सुका बसवून बघा, गोंद नंतर. दहातल्या सात चुका इथेच पकडल्या जातात, हा आकडा माझ्या टेबलावरचा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही.

सुरुवात कॉकपिटपासून, कारण धडाच्या दोन फाका मिटल्या की आत बोट जात नाही. आता तुम्ही म्हणाल पावसात रंग नाही म्हणालास आणि कॉकपिट आधी रंगवायचं? बरोबर पकडलंत. तेवढा भाग पाण्याच्या ॲक्रिलिकने ब्रशने रंगवायचा, त्याला ओली हवा फारशी बाधत नाही, फक्त सुकायला दुप्पट वेळ द्या. हंब्रॉल कंपनीचा ७८ नंबर हा कॉकपिट ग्रीन, राखाडी हिरवा, तसा ॲक्रिलिक घ्या. हरिकेनच्या आतला नळ्यांचा सांगाडा चंदेरी. सुकलं की काळपट तपकिरी रंगाचं पातळ पाणी सोडा, ते खाचांमध्ये उतरतं, आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग कडांवरून फिरवा. सीटचे पट्टे मी मॅस्किंग टेपच्या बारीक पट्ट्या कापून करतो, एवढ्या छोट्या मापात कोणाला कळत नाही.

धडाच्या दोन फाका जोडताना रबरबँड लावा आणि लिक्विड सिमेंट ब्रशने फटीला नुसता टेकवा, तो आपणच फटीतून धावतो. फाका थोड्या दाबल्यात की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वरंबी बाहेर येते. येऊ दे, तीच हवी आहे. दोन दिवसांनी ती घासली की जोड गायब. दोन दिवस म्हणजे दोन दिवस, सहा तासांनी घासलंत तर जोड नंतर आत बसतो आणि रंगावर रेघ दिसते.

आता हरिकेनची खास गोष्ट. त्याच्या धडाचा मागचा अर्धा भाग कापडाचा होता, आत लाकडी पट्ट्या आणि वर ताणलेलं कापड, म्हणून मॉडेलवर तिथे लांबीत जाणारे उंचवटे दिसतात. होडीच्या फळ्या बाहेरून जाणवतात ना तसे. पुढचा भाग धातूचा, सपाट. घासताना पुढे बिनधास्त घासा पण मागे त्या उंचवट्यांवरून वॉटर पेपर आडवा फिरवलात की गेलं सगळं, मग ते विमान साबणाच्या वडीसारखं दिसतं. मी तिथे वॉटर पेपरची घडी करून आगपेटीच्या काडीवर चिकटवतो आणि उंचवट्याच्या बाजूबाजूने, लांबीच्या दिशेने घासतो. वेळ जातो. जाऊ दे, बाहेर पाऊसच आहे.

पंख बसवताना समोरून बघा. हरिकेनचा मधला भाग सपाट असतो आणि बाहेरचे भाग किंचित वर उचललेले. दोन्ही बाजू सारख्या उचलल्यात का ते बघायला मी विमान दोन काडेपेट्यांवर ठेवून प्रत्येक पंखाच्या टोकाखाली पट्टी उभी धरतो. फरक असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून मॅस्किंग टेप ताणून रात्रभर ठेवायचं. पोटाखाली पंखाचा मागचा जोड बहुतेक किटमध्ये फटीचा निघतो. त्यात गाड्यांच्या पेंटवाल्याकडची एनसी पुट्टी अगदी पातळ थरात भरा, जाड भरली तर तिच्यातला थिनर प्लास्टिक खातो.

काच, म्हणजे कॅनोपी. इथे फेविक्विक वापरायचं नाही, नाही, आणि नाही. त्याच्या वाफेने आतून धुकं धरतं, ते पुसता येत नाही कारण आत हात जात नाही. मी हे करून बसलोय. काच फेविकॉलने बसवा, पांढरं दिसतं पण सुकल्यावर पारदर्शक होतं, आणि जास्त लागलं तर ओल्या टूथपिकने पुसून निघतं.

हे काम चालू असताना शेजारचे आबा येऊन ओट्यावर बसतात. एकदा बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यां इमान उडतलां काय रे?" म्हटलं नाही आबा, शोकेसमध्ये ठेवायचं. "आणि उडना नाय तर इतके पैशे कित्याक घातलंस?" ह्याला आजपर्यंत मला उत्तर सापडलेलं नाही, तुम्हाला सापडलं तर बायकोलाही सांगायला उपयोगी पडेल.

तुम्ही हरिकेनऐवजी सी हॉक केलंत, आपल्या जुन्या विमानवाहू विक्रांतवरचं, तीनशे नंबरच्या नेव्हल स्क्वाड्रनचं, तर एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. त्याचं तिसरं चाक पुढे असतं, त्यामुळे नाकात वजन भरलं नाही तर ते शेपटीवर बसतं. आपल्याकडे पागाची, म्हणजे फेकजाळ्याची, शिशाची वजनं कुठल्याही मच्छीमाराकडे मिळतात, दोन-तीन ठोकून बसवायची. पण फेविकॉलने चिकटवू नका. शिसं आणि फेविकॉल बंद जागेत एकमेकांवर काम करतात, पांढरी पूड होऊन शिसं फुगतं आणि वर्षा-दोन वर्षांनी नाक आतून फुटतं. एम-सील वापरा. हरिकेन शेपटीवरच बसतं, त्याला हा त्रास नाही.

रंग

रंगाचं शिक्षण मी गणपतीच्या शाळेत घेतलं. बाहेरच्यांसाठी सांगतो, गणपतीची शाळा म्हणजे जिथे मूर्ती बनतात ती जागा, जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक वाडीत एखादी असतेच. तिथले भाऊ तीस वर्षं मूर्ती रंगवतायत, पितांबराची पिवळ्यातून केशरीत जाणारी शेड ते स्प्रेने अशी काढतात की बघत राहावं. मी माझं जुनं मोडकं धड घेऊन गेलो. त्यांनी गन हातात दिली नाही, आधी बघ म्हणाले. रंग मूर्तीच्या बाहेर चालू करायचा, हात मूर्तीवरून पलीकडे न्यायचा आणि बाहेर गेल्यावर बंद करायचा. मूर्तीवर चालू केला तर पहिला थेंब तिथेच बसतो, मूर्तीवर थांबला तर ओघळ. हात थांबवायचा नाही. "रंग मारूचो नाय, बसवूचो," म्हणाले, आणि एकाच जागेवर चार वेळा इतका हलका फिरवला की पहिल्या वेळी काही लागलंय असंच वाटलं नाही. चौथ्या वेळी रंग होता, ओलेपणा नव्हता. एअरब्रशचं सगळं गुपित एवढंच आहे, बाकी मशीनचे नंबर.

तर ते नंबर. ०.३ मिलिमीटरचं नोझल, १५ ते २० पीएसआय दाबाची हवा, रंग दुधाइतका पातळ, म्हणजे कपाच्या कडेला लावला की घसरून खाली गेला पाहिजे आणि मागे पातळ पडदा राहिला पाहिजे. अंतर पाच ते आठ सेंटीमीटर. कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप नसेल तर कोकणात तो घेऊच नका, नळीतून पाण्याचे थेंब येऊन रंगावर फोड येतात. माझा ट्रॅप ऑक्टोबरमध्ये सुद्धा अर्ध्या तासात तळाला पाणी दाखवतो. रंग मारायचा बूथ म्हणून हापूसचा पुठ्ठ्याचा मोठा खोका, पाठीमागे गोल भोक पाडून बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन. लॅकर आणि थिनर मारणार असाल तर ह्या फॅनवर विसंबू नका, वाफ पेट घेते, ते अंगणात मारा. मास्क दोन्हीकडे.

एअरब्रश नसेल तर ब्रशनेही सुंदर होतं. चपटा मऊ ब्रश, पातळ रंग, पहिला हात लांबीत, पूर्ण सुकल्यावर दुसरा आडवा, तिसरा परत लांबीत. अर्धवट सुकलेल्या जागेवर लगेच परत जाऊ नका, ब्रश खालचा थर उचलतो. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं रंगवणारे बघितलेत? एक थर लावला की वस्तू बाजूला, दुसरी हातात. तसंच करा, मग आठवडाभर एकच पंख कुरवाळत बसावंसं वाटत नाही.

आधी प्रायमर, राखाडी. प्रायमर मारला की जोडातल्या सगळ्या चुका बोंब मारत वर येतात. हताश होऊ नका, त्यासाठीच मारतात. पुट्टी, घासणं, परत प्रायमर. मग फिकट रंगापासून गडदकडे. खालचं पोट मीडियम सी ग्रे, तामिया कंपनीचा एक्सएफ-८३ किंवा हंब्रॉल १६५. ते सुकलं की झाकून वर डार्क अर्थ, म्हणजे मातकट तपकिरी, हंब्रॉल २९. त्यावर डार्क ग्रीन, हंब्रॉल ३० किंवा तामिया एक्सएफ-८१. बाटलीतला रंग तसाच मारू नका, छोट्या मॉडेलवर तो काळा दिसतो. मी दहा थेंबांना एक थेंब पांढरा किंवा फिकट करडा टाकतो.

तपकिरी-हिरव्याची नागमोडी सीमा करायला ब्लू टॅकच्या (भिंतीवर पोस्टर लावायच्या चिकट लगद्याच्या) बारीक वळ्या करून चिकटवायच्या, चकलीच्या सोऱ्यातून निघतात तशा, आणि मधली जागा टेपने झाकायची. पोरांची चिकणमाती वापरू नका, तेल सोडते. रंग वळीच्या बरोबर वरून, सरळ खाली मारलात की कड किंचित मऊ येते. तिरका मारलात की एका बाजूला धुरकट, दुसऱ्या बाजूला धारदार, मग ते विचित्र दिसतं.

इनॅमल, म्हणजे तेलाच्या जातीचा रंग, सुकलं की नाही हे बोटाने बघायचं नाही, नाकाने बघायचं. नाक जवळ नेऊन वास आला तर आत अजून ओलं आहे. आमच्याकडे जानेवारीत दोन दिवस लागतात, पावसात मी आठ दिवस मोजलेत.

आणि तरी कोणाला घाई झाली, पांढरी साय धरलीच, तर घासून काढायला धावू नका. कोरड्या दिवसाची वाट बघा, मग त्यावर नुसता संथ सुकणारा लॅकर थिनर, रिटार्डर म्हणून मिळतो तो, धुक्यासारखा हलका फवारा. वरचा थर जरासा विरघळतो, अडकलेली ओल निघून जाते आणि रंग परत दिसायला लागतो. माझा तो श्रावणातला पंख असाच दिवाळीत वाचला.

गोल खुणा आणि डिकॅल

इथे बहुतेक जण चुकतात. युरोपातल्या हरिकेनवर गोलाच्या मधोमध लाल ठिपका असतो. आपल्या बर्माच्या आघाडीवर तो लाल काढून टाकला होता, कारण समोर जपानी विमानांवर लाल गोळा होता आणि घाईत आपलाच माणूस आपल्यावर गोळी झाडायचा. म्हणून गडद निळा गोल आणि आत फिकट निळा. किटमध्ये तसे डिकॅल नसतील तर मी रंगवतो. स्टिकरच्या कागदावर कंपासला ब्लेड बांधून दोन गोल कापतो, एक बाहेरचा, एक आतला. बाहेरच्याच्या भोकातून गडद निळा मारायचा, सुकू द्यायचं, मग त्यावर आतल्याचं भोक बरोबर मध्ये बसवून फिकट निळा. मध्य सापडायला कंपासच्या टोकाचं बारीक भोक कागदावर राहिलेलं असतं, त्यातून पेन्सिलीचा ठिपका विमानावर. फिकट निळा हा पांढऱ्यात निळ्याचे दोन थेंब, आकाशाइतका नको, धुतलेल्या शाळेच्या शर्टाइतका. आणि गोलाचं माप तुम्ही ज्या एका विमानाचा फोटो निवडलाय त्यावरून घ्या. काहींच्या पंखांवर पांढरे पट्टे दिसतात, काहींच्या नाही. एक विमान, एक फोटो, त्यालाच धरून राहा, नाहीतर तीन विमानांची भेसळ होते.

बाकी नंबर-अक्षरांचे डिकॅल. आधी ग्लॉस वार्निश हवं. खडबडीत मॅट रंगावर डिकॅल ठेवलं की खाली हवा अडकते आणि ते चंदेरी चमकतं, मग काही करा. कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, बाहेर काढून एक मिनिट ठेवा, आपणहून सुटतं. जबरदस्ती नाही. जागेवर सरकवून कापसाच्या काडीने मधून बाहेर पाणी काढा. ते खाचांमध्ये बसावं म्हणून सॉफ्टनर मिळतो. नसेल तर व्हिनेगर पाण्यात अर्धं अर्धं करून लावतात, बऱ्यापैकी चालतं. एकाने मला कोकमाचं आगळ चालेल का विचारलं होतं. आंबट आहे म्हणून सगळं चालत नाही रे बाबा.

जुन्या किटचे डिकॅल पिवळे पडले असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून टेपने लावा. आपल्या एप्रिलच्या उन्हात दोन आठवड्यात पिवळेपणा बराच जातो.

जुनं दिसायला हवं

गोव्यात बोगमाळोला नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, सावंतवाडीकडच्या लोकांना एका दिवसात जाऊन येता येतं. तिथे सी हॉक आणि व्हॅम्पायर उघड्यावर उभी आहेत. हरिकेन बघायचं तर दिल्लीला पालमला जावं लागेल, पण रंग कसा मरतो ते बोगमाळोलाच शिकून घ्या. वरची बाजू ऊन खाऊन फिकी, पोटाखालचा रंग अजून ताजा, पत्र्याच्या जोडांना कडेकडेने मळ. मी तिथून आल्यापासून पंखाच्या वरच्या भागावर मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून प्रत्येक पत्र्याच्या फक्त मधोमध हलका फवारा मारतो. कडा गडद राहतात.

एक्झॉस्टचा धूर म्हणजे खडूची काळी-तपकिरी पूड मऊ ब्रशने नळीपासून मागे, जसा वारा जाईल तसा. मातीसाठी मी आपला जांभा वापरतो. अंगणातला तुकडा कुटून मलमलच्या कपड्यातून दोनदा गाळायचा, नुसता गाळणीतून नाही, कारण १/७२ मध्ये आपल्याला बारीक वाटणारा कण म्हणजे त्यांच्यासाठी धोंडा. नुसता जांभा फार भगवा दिसतो, त्यात पांढरा खडू आणि चिमूटभर कोळसा घाला. चाकांना, पंखाच्या मुळाशी जिथे पायलट चढतो तिथे. थोडं. अजून थोडं वाटलं की थांबा.

विमानाच्या नाकावरच्या पंख्याची पाती काळी आणि टोकाला पिवळी. खऱ्या पात्यावर तो पट्टा चार इंच, म्हणजे मॉडेलवर जेमतेम दीड मिलिमीटर. टोक आधी पिवळं करून झाकायचं, मग काळं. उलट केलंत तर पिवळ्याखालून काळं डोकावतं.

रेडिओची तार सगळ्यात शेवटी, कारण ती तुटतेच. पार्टाच्या उरलेल्या दांडीचा तुकडा दोन्ही हातांनी धरून देवाच्या दिव्याच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही, फिरवत राहायचं. मधला भाग चमकून लोंबायला लागला की ज्योतीपासून बाजूला काढायचं, मनात एक आकडा मोजायचा आणि मग ओढायचं. हळू ओढलं तर दोरी, जोरात ओढलं तर केस. चार-पाच वाया जातील, दांड्या भरपूर असतात. कापलेला तुकडा विमानाच्या पाठीवरच्या खांबापासून शेपटीपर्यंत फेविक्विकच्या टाचणीएवढ्या थेंबाने चिकटवा. ढिला राहिला तर पेटती अगरबत्ती जवळ नेऊन, न टेकवता, एकदा फिरवा, तार डोळ्यासमोर टण् ताठ होते. घरात कोणी असेल तर तेव्हा हाक मारून दाखवा, हे सगळ्यांना आवडतं, आबांना सुद्धा आवडलं.

मग मॅट वार्निश, तेही दुपारच्या उन्हात, आणि ते सुकल्यावर काचेवरची टेप काढायची. आधी विसरलो होतो म्हणून सांगतो, काचेच्या चौकटी रंगवताना टेप लावल्यावर पहिला थर कॉकपिट ग्रीनचा मारायचा आणि वर बाहेरचा रंग, म्हणजे आतून बघितलं की चौकट आतल्याच रंगाची दिसते. टेप टूथपिकने कोपऱ्यातून उचला, ब्लेडने नाही.

मुंबईला कोणाला द्यायचं असेल तर कुरियर करू नका. पायरी आंब्याच्या छोट्या खोक्यात तळाला थर्माकोल, त्यात चाकं रुतवून कपड्याच्या पट्टीने धडाला सैल बांधायचं, पंखांना कशाचाच स्पर्श नको. रात्रीच्या एसटीत खोका मांडीवर. वरच्या रॅकवर ठेवलात तर घाटातच तार तुटते.